न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि आपला अर्ज

(माझगाव येथे कामकरी बायकांच्या व कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मला आज 'एका न्यायाधीश बाईंचं जीवन' असा विषय दिला आहे. विषय ऐकून मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "आम्हाला त्यांचं काय गं? आम्ही कोर्टाची पायरी चढलो ती रेशनच्या अॅफिडेव्हिटपुरती." मावशींचं बरोबर आहे. म्हणून मी चरित्र थोडक्यात सांगणार आहे आणि त्याचं आपल्याशी काय नातं आहे त्यावर जास्त बोलणार आहे.

इथून डॉकयार्ड रोडला गाडीत बसलं की तिसरं स्टेशन सीएसएमटी. तिथून चालत गेलं की हायकोर्टाची काळी दगडी इमारत. मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं 1862 साली. तिथे न्यायाधीश म्हणून पहिली बाई बसली 1978 साली. मधली 116 वर्षं मोजा. या काळात बायकांची लग्नं मोडली, पोटगी ठरली, मुलांचा ताबा कोणाकडे ते ठरलं, वारसा ठरला. ठरवणारे सगळे पुरुष. बाईला वकिली करायलासुद्धा 1923 साली वेगळा कायदा करावा लागला. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी त्याच्या तीस वर्षं आधी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या होत्या, पण त्यांना कोर्टात रीतसर उभं राहता येत नव्हतं. शिक्षण होतं, अक्कल होती, सनद नव्हती.

1978 मध्ये आलेल्या त्या बाई म्हणजे न्यायमूर्ती सुजाता मनोहर. जन्म 1934 चा. वडील कांतिलाल देसाई हे पुढे गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. सुजाताबाई एल्फिन्स्टन कॉलेजात शिकल्या, मग ऑक्सफर्डला गेल्या, लंडनला बॅरिस्टर झाल्या आणि 1958 पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या. हे सगळं सरळ सांगायला हवं. त्या आपल्यासारख्या घरातून आल्या नव्हत्या. वडिलांच्या घरात कायद्याची पुस्तकं होती, इंग्रजी होतं, पैसा होता. आपण कुणाचा गौरव करताना हा भाग गाळतो आणि मग आपल्या मुलींना वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. कमी संधी होती, ती सांगावी.

त्यांची मुख्य वकिली कंपन्यांच्या, व्यापाराच्या दाव्यांची होती. पण त्याबरोबर त्यांनी गरीब बायकांचे घरगुती खटले कायदा-मदत योजनेखाली चालवले. तेव्हा मोफत कायदेशीर मदत हा हक्क नव्हता, संस्थांच्या आणि वकिलांच्या चांगुलपणावर ती चाले. घटनेत त्यासाठी 39-अ हे कलम 1976 मध्ये आलं, आणि त्याचा कायदा 1987 मध्ये झाला, तो लागू व्हायला 1995 उजाडलं. आता त्या कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. हे इथल्या किती जणींना माहीत होतं? चार हात वर झाले. मी दर बैठकीला विचारते, आणि दर बैठकीला तीन-चारच हात असतात.

आता 1978 सालाबद्दल थोडं थांबते. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मथुरा खटल्याचा निकाल दिला. चंद्रपूर भागातली आदिवासी मुलगी, पोलीस ठाण्यात बलात्कार, नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. का, तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, म्हणजे तिची संमती असणार! 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, त्यात आपल्या वसुधा धागमवार होत्या, सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. एकाच वर्षात मुंबईत एक बाई न्यायासनावर बसते आणि दिल्लीत एका मुलीचा न्याय काढून घेतला जातो. म्हणून 'बाई खुर्चीवर बसली की झालं' असं मी मानत नाही. पण खुर्चीवर कोण बसतं याने काही फरक पडत नाही, असंही नाही.

सुजाताबाई इथे पंधरा वर्षं न्यायाधीश होत्या. जानेवारी 1994 मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश झाल्या. काही महिन्यांतच केरळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश म्हणून गेल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात. तिथे पोचलेल्या त्या देशातल्या दुसऱ्याच बाई. पहिल्या फातिमा बीवी, 1989 च्या. 1999 मध्ये सुजाताबाई निवृत्त झाल्या, पुढे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगावर होत्या.

या पाच वर्षांतला एक दिवस आपल्या कामाचा आहे, 13 ऑगस्ट 1997. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. राजस्थानच्या भटेरी गावात भंवरीदेवी ही सरकारी योजनेत काम करणारी 'साथिन' होती. तिने बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला, म्हणून 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या कोर्टाने बलात्काराच्या आरोपातून आरोपींना सोडलं. पण तोवर 'विशाखा' आणि इतर संघटना वेगळा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या: कामामुळे बाईवर हे ओढवतं, मग काम देणाऱ्याची जबाबदारी काहीच नाही का? तीन न्यायाधीशांसमोर हे चाललं. सरन्यायाधीश वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. किरपाल. कायदा नव्हता, तर कायदा होईपर्यंत न्यायालयाने स्वतः नियम घालून दिले. प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती, अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती.

कार्यकर्त्या कधी कधी म्हणतात, सुजाताबाईंनी विशाखा निकाल दिला. तसं नाही. निकाल वर्मांनी लिहिला, तिघांच्या नावाने. आणि तो प्रश्न कोर्टाच्या दारापर्यंत आणला भंवरीदेवीने आणि संघटनांनी. भंवरीदेवीचं स्वतःचं अपील मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलं. तिच्या नावावर देशाला नियम मिळाले, तिच्या पदरात काय पडलं?

कायदा व्हायला 2013 उजाडलं, म्हणजे सोळा वर्षं. आणि 2023 मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावं लागलं की समित्या धड नेमल्या जात नाहीत.

आता माझी एक चूक सांगते. एम.एस.डब्ल्यू. होऊन नवीनच कामाला लागले होते. जवळच्याच एका शिलाईच्या गाळ्यातली बाई माझ्याकडे आली. मालक अंगचटीला यायचा. गाळ्यात सहा माणसं. मी म्हटलं, "दहापेक्षा कमी माणसं असली की समिती नसते, तू काम बदल." तिने बदललं, पगार दीड हजाराने कमी. दोनेक महिन्यांनी जुन्या मालकाने तिच्या नव्या मालकिणीकडे तिची बदनामी केली, ते कामही गेलं. मग मी कायदा नीट वाचायला बसले. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घरकामवालीसुद्धा तिथे जाऊ शकते. पण तक्रार तीन महिन्यांत करायची. अडचण पटली तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. मी वाचलं तेव्हा सात महिने झाले होते. ती रागावली नाही. "ताई, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं," म्हणाली. ते वाक्य मला अजून बोचतं.

म्हणून मावशी, त्या न्यायाधीश बाईंचं आपल्याला हे. सोराबजींना सनद नव्हती, सुजाताबाई पहिल्या झाल्या, दिल्लीच्या पीठावर बसल्या, तिथून नियम निघाला, नियमाचा कायदा झाला, आणि माझ्यासारखीने तो वाचला नाही म्हणून इथल्या गाळ्यात येऊन थांबला.

अर्जाचे कागद त्या टेबलावर आहेत. घटना, तारीख, जागा, कोणी पाहिलं असेल तर त्यांची नावं, एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे, आणि आज तरी आम्ही तिघी साडेसातपर्यंत इथेच आहोत. ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नसेल त्यांनी चहाच्या वेळी मागच्या खोलीत या.