पार्सल पिझ्झाचा बेस

पार्सल मागवताना पिझ्झाचा बेस कोणता घ्यावा, हा प्रश्न आवडीचा आहे, तितकाच अंतराचाही आहे. भट्टीतून निघाल्या निघाल्या दुकानात खाल्लेला पिझ्झा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून अर्ध्या तासाने घरी पोचलेला पिझ्झा यांत फार फरक पडतो. सुरतच्या उधन्यात तो चांगलाच जाणवतो. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या बाजूंना निघालेले पार्सल संध्याकाळच्या गर्दीत सापडते आणि समुद्र जवळ असल्याने हवाही दमट असते.

गरम चीज, सॉस, कांदा, सिमला मिरची यांतून वाफ निघत राहते. ती झाकणाला लागून थंड होते आणि तिचे थेंब पुन्हा पिझ्झावर पडतात. तळाची वाफ पुठ्ठा शोषतो, पण थोडीच. भट्टीत कडक झालेला पापुद्रा मग चामट होतो. यासाठी खोक्याच्या बाजूंना भोके ठेवलेली असतात. ती दाबून उघडली नसतील तर त्यांचा उपयोग नाही. मधोमध दिसणारी प्लास्टिकची छोटी तिवई वाफेसाठी नसते, झाकण खचून चीजला चिकटू नये म्हणून ती ठेवतात. अमेरिकेत कार्मेला व्हिटाले यांना अशा तिवईचे पेटंट 1985 साली मिळाले.

वाफेचा हा मारा सर्वांत आधी थिन क्रस्टला लागतो. पातळ लाटलेला हा बेस पहिल्या काही मिनिटांत पापडासारखा मोडतो, खोक्यात मात्र लवकर लोळागोळा होतो. दुकान हाकेच्या अंतरावर असेल तरच तो घ्यावा. मैदा नको म्हणणारी घरे गव्हाच्या थिन क्रस्टकडे वळतात. त्यात कोंडा असल्यामुळे चव खरपूस लागते, पण कणकेचा ताण कमी पडतो आणि बेस फुगत नाही.

हँड टॉस्ड बेसचे मर्म त्या ताणातच आहे. मैदा भिजवून मळला की त्यातल्या प्रथिनांचे ग्लुटेन बनते, आणि यीस्टमुळे तयार झालेला वायू त्या जाळीत अडकतो. गोळा लाटण्याने दाबला तर तो वायू निघून जातो. हातावर ताणला तर कडेला राहतो आणि काठ फुगतो. उधन्यातल्या खानदेशी कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उधना-जळगाव लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबार भागांतून आलेल्या या घरांत खापरावरचे मांडे होतात. त्यासाठी बारीक चाळलेली कणीक सैल भिजवून पुष्कळ वेळ मळतात, आपटतात. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत फिरवत इतका ताणतात की पलीकडचा उजेड दिसावा, आणि मग तो पालथ्या खापरावर टाकतात. त्यात यीस्ट नसते, पण ग्लुटेनचे काम तेच. ही कला जपणाऱ्या सुगरणींना जगातल्या कोणत्याही पिझ्झा कारागिराच्या बरोबरीचा मान मिळायला हवा. नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांची हातोटी युनेस्कोने 2017 साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तिथला पिझ्झा सव्वाचारशे अंशांहून अधिक तापलेल्या लाकडाच्या भट्टीत मिनिट-दीड मिनिटात भाजून निघतो. तो मऊ असतो आणि जागेवरच खायचा असतो. पार्सलसाठी तो जन्मलेलाच नाही.

पॅन पिझ्झाची रीत निराळी. खोलगट ताटलीत तेल सोडून त्यात कणीक फुगू देतात, त्यामुळे भट्टीत तळ जवळजवळ तळला जातो. तेलाच्या थरामुळे ओल आत शिरायला वेळ लागतो आणि जाडीमुळे उष्णता टिकते. प्रवासाला सर्वांत चांगला टिकतो तो हाच. चीज बर्स्टमध्ये दोन पातळ थरांच्या मधे पातळ चीज भरलेले असते. मुलांचा हट्ट बहुधा त्याचाच. गरम असताना ते चीज ओघळते, पण थंड झाले की आवळून जड होते, म्हणून लांबच्या घरासाठी हा सर्वांत धोक्याचा बेस.

या सगळ्याच्या आधीपासून बेकरीचा तयार बेस आहे. डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात 1996 साली आले. त्याआधी मध्यमवर्गीय घरांना ओळखीचा होता तो पिशवीत मिळणारा, टोचे मारलेला जाड बेस. तव्यावर लोणी, वर सॉस, किसलेले चीज आणि झाकण, एवढ्यावर तो होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून पिझ्झा ब्रेडवरील पाच टक्के जीएसटीही शून्यावर आला आहे.

सुरतेत जैन पिझ्झाला मोठी मागणी आहे. कांदा-लसूण वगळला की काम झाले असे अनेकांना वाटते, पण काही काटेकोर घरांना यीस्टही चालत नाही. अशा वेळी सॉसबरोबर बेसबद्दलही दुकानात आधी विचारणे योग्य ठरते.

थोडक्यात अंतर पाहून निवड करावी: दुकान दाराशी असेल तर थिन क्रस्ट, दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवर हँड टॉस्ड, त्यापुढे पॅन. पार्सल घरी आल्याबरोबर झाकण उघडावे. पिझ्झा निवला असेल तर जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर ठेवावा, चीज मऊ होईपर्यंत झाकावा आणि शेवटचे मिनिटभर झाकण काढावे. तळ पुन्हा कडक होतो. मायक्रोवेव्हमध्ये तो होत नाही.