पालकाची सही
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



१९७९ च्या आपल्या दहावीच्या वर्गातल्या काहींना माझं प्रगतिपुस्तक आठवत असेल. ‘पालकाची सही’ या रकान्यात टपोऱ्या अक्षरांत एका बाईची सही असायची. सरांनी एकदा विचारलं, “ही कोणाची रे?” मी म्हटलं, “आत्याची, सर.” मागच्या बाकावर कोणीतरी हसलं होतं. आज त्या सहीबद्दलच बोलायचं आहे.

आत्या टेलिफोन ऑपरेटर होती. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट बघायचे ते दिवस. घाई असेल तर ‘अर्जंट’, जिवावरचं काम असेल तर ‘लाइटनिंग’. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू या चारही भाषा तिला कामापुरत्या येत. सोलापुरात त्याशिवाय भागतही नसे. पहाटेच्या पाळीला आजोबा तिला सायकलवरून सोडायला जायचे.

आजोबा गिरणीत होते. गिरणी कधी चालू, कधी बंद. आत्याचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला घरात यायचा. त्यावर काका शिकले, धाकट्या आत्याचं लग्न झालं, माझी फी भरली गेली. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसायला पैसे द्यायची तीच. स्वतः खाली उभी राहून आमच्या चपला सांभाळायची.

आम्ही आजवर सगळ्यांना सांगत आलो, “आत्याने लग्न केलं नाही.” हे खरं नाही. स्थळं येत होती. आजोबा म्हणायचे, “धाकटीचं होऊ दे, मग बघू.” मग काकांचं शिक्षण निघालं, मग घराची डागडुजी. ती पस्तिशीला आली आणि स्थळं यायची थांबली. तिला काय हवं होतं, हे घरात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

१९९४ साली महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली. तोवर लग्न न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. आजोबा तेव्हा हयात होते, वाटण्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे आमच्या घरात आत्याचा वाटा माझ्या वडिलांइतकाच होता. आजोबा गेल्यावर वकिलांनी हे समजावून सांगितलं, आणि आम्ही हक्कसोडपत्र करायचं ठरवलं. कागद टाइप करून मीच आणला. तिने चष्मा पुसला, विचारलं, “कुठे करू?” मी बोट दाखवलं. तीच टपोरी सही. माझ्या प्रगतिपुस्तकावर होती तशीच.

त्या घरात मी आजही राहतो. ती गेली तेव्हा भेटायला आलेल्या एक बाई हळहळल्या, “बिचारीला कोणी नव्हतं हो.” मी शेजारीच उभा होतो. मला काही बोलता आलं नाही.

आपण सगळे आता साठीच्या पुढे आहोत. आपल्यातल्या बऱ्याच घरांत अशी एक आत्या, मावशी किंवा ताई आहे. शिक्षिका, नर्स, कारकून. पगार घरात देणारी. तिच्यापुढे एखादा कागद ठेवायची वेळ आली, तर सहीची जागा दाखवण्याआधी तिला एवढं विचारा, “तुला काय वाटतं?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

मी विचारलं नव्हतं. म्हणून आज, माझी फी भरणारं माणूस ज्यांना ठाऊक होतं, त्या तुम्हां सर्वांसमोर हे सांगितलं.