कानातला बिल्ला आणि पुराव्याचे ओझे

(मंचाच्या कुवेतमधील बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या प्रत्येकाच्या खिशात इथले सिव्हिल आयडी कार्ड आहे. त्यावरचा क्रमांक १२ आकडी असतो. पहिला आकडा जन्माचे शतक सांगतो, पुढचे सहा जन्मतारीख, आणि शेवटचा आकडा बाकीचे आकडे नीट उतरवले गेले की नाही हे तपासण्यासाठी असतो. भारतातला आधार क्रमांकही १२ आकडी. आणि आज महाराष्ट्रातल्या गायी-म्हशींच्या कानात जो पिवळा बिल्ला दिसतो, त्यावरचा क्रमांकही १२ आकडीच! आपल्यापैकी अनेकांच्या गावी अजून गोठा आहे, चार जनावरे आहेत. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला बंदी आहे. तेव्हा हा बिल्ला कितपत भरवशाचा, आणि तो चुकला तर भुर्दंड कोणी भरायचा, असे दोन प्रश्न आज आपल्यासमोर मांडणार आहे.

जनावरावर खूण करणे ही काही संगणकयुगाची देणगी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोअध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जनावराचा डाग, अंगावरची नैसर्गिक खूण, रंग आणि शिंगांमधले अंतर यांची नोंद ठेवणे हे त्याचे काम. पाणिनीने तर कानावरच्या खुणांनुसार होणाऱ्या शब्दांसाठी वेगळे सूत्रच दिले आहे. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारातली पावती आजही रंग, शिंगे, वय असेच वर्णन लिहिते.

ज्या देशात आपण राहतो तिथेही हेच. बदाऊनी टोळ्या उंटांना डागत, त्या डागाला अरबीत 'वस्म' म्हणतात. मुतैर, अजमान अशा टोळ्यांचे डाग वेगवेगळे. ऑक्टोबरच्या मध्यापासून इथे जो 'वस्म'चा हंगाम सुरू होतो, त्याचे नावही याच शब्दाचे. पहिला पाऊस जमिनीवर हिरवी खूण उमटवतो, ही त्यामागची कल्पना.

परंतु डागाची मर्यादा लक्षात घ्या. डाग सांगतो 'कोणाचे', 'कोणते' ते सांगत नाही. शंभर उंटांवर एकच डाग. शिवाय जुन्या डागावर एक रेघ वाढवली की मालक बदलतो. अमेरिकेतल्या गुरेचोरांनी हेच केले. हिवाळ्यात केस वाढले की डाग झाकतो, आणि जनावराला वेदना होतात त्या वेगळ्याच. १९६६ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या कीथ फॅरेल यांनी अतिथंड डागाची पद्धत पुढे आणली. थंडीने त्वचेतल्या रंगपेशी मरतात आणि तिथे पांढरे केस उगवतात. काळ्या गायीवर आकडा स्पष्ट दिसतो, पांढऱ्या खिल्लारवर मात्र ही युक्ती चालत नाही.

म्हणून बिल्ला आला. पण सर्व बिल्ले 'कोणते' सांगतात असेही नाही. कुवेतमध्ये वर्षानुवर्षे ऑस्ट्रेलियातून जिवंत मेंढ्या येत आल्या आहेत. त्यांच्या कानातले साधे बिल्ले मेंढी कोणत्या फार्मवरची एवढेच सांगत. म्हणजे डागाचाच प्लास्टिकचा अवतार! तिथे प्रत्येक कोकराला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक ओळख देण्याचा देशव्यापी नियम १ जानेवारी २०२५ पासून जन्मलेल्या कोकरांसाठी आला.

भारतातला बिल्ला प्रत्येक जनावराचा वेगळा आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. मग तो फसतो कुठे? पहिले म्हणजे तो पडतो. कानाच्या मधोमध, कूर्चेच्या दोन उभारांमध्ये तो बसवावा लागतो. कडेला बसवला तर दावे, तारेचे कुंपण किंवा गव्हाणीची फळी यात अडकून कान फाटतो. पावसाळ्यात जखमेवर माश्या बसल्या की अळ्या पडतात आणि मालक स्वतःच बिल्ला काढून टाकतो. दुसरे म्हणजे त्यावरची छपाई उन्हाने विटते, शेणाने माखते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद चुकते. गाय विकली पण संगणकात नाव जुन्या मालकाचेच. गाय मेली पण नोंदीत जिवंत. तपासणीचा आकडा क्रमांक चुकीचा लिहिला गेला तर पकडेल, पण बरोबर क्रमांक चुकीच्या गायीच्या कानात असेल तर तो काय करणार?

'मॅड काऊ' रोगाने हादरल्यावर युरोपने जे नियम केले, त्यात दोन्ही कानांत एकाच क्रमांकाचा बिल्ला आणि सोबत जनावराचा 'पासपोर्ट' सक्तीचा झाला. एक बिल्ला पडणार, हे त्यांनी गृहीतच धरले! माणसाच्या बोटांच्या ठशासारखे गायीच्या नाकपुडीवरचे ठसे वेगवेगळे असतात, हे पीटरसन या अमेरिकी संशोधकाने १९२२ मध्येच मांडले होते. आता मोबाइलच्या कॅमेऱ्याने ते टिपण्याचे प्रयोग चालू आहेत.

ही सगळी उठाठेव कशासाठी? रोगनियंत्रणासाठी ती निःसंशय हवी. २०२५ च्या वसंतात इथे सुलैबियातल्या गोठ्यांमध्ये लाळ्या खुरकूत रोग पसरला, हे आपल्या लक्षात असेलच. अशा वेळी कोणत्या गायीला कोणती लस कधी दिली, हे नेमके ठाऊक असावे लागते. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेल्ला या रोगांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ब्रुसेल्लाची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना, तीही आयुष्यात एकदाच द्यायची असते. ओळख नसेल तर कोणाला दिली आणि कोण राहिली हे कसे कळणार? हा रोग माणसालाही होतो. तेव्हा बिल्ल्याला सरसकट विरोध करणे विवेकाला धरून होणार नाही.

प्रश्न सुरू होतो तो याच बिल्ल्यावर पैसा आणि कायदा लटकवला जातो तेव्हा. विम्याचा नियम सरळ आहे: बिल्ला नाही, तर दावा नाही. २०२४ च्या जानेवारीत राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान सुरू केले. त्यासाठी गायीचा बिल्ला शेतकऱ्याच्या आधारशी जोडलेला असण्याची अट होती. दूध तेच, गाय तीच, पण जोडणी झाली नसेल तर पैसे नाहीत. गोठ्यात पहाटेपासून राबणारी बहुधा घरातली बाई असते, नोंद मात्र पुरुषाच्या नावावर. हाही ओळखीतलाच दोष समजायला हवा.

कायद्याचे तर आणखी गंभीर आहे. २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. त्यानंतर मालेगावात पोलिसांनी लोकांना आपापल्या गुरांची छायाचित्रे आणि वर्णन ठाण्यात द्यायला सांगितले. याच कायद्यात, आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे असे एक कलम होते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ते घटनाबाह्य ठरवले आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. पण रस्त्यावरचा न्याय न्यायालयाची वाट पाहत नाही. २०२३ च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात तथाकथित गोरक्षकांच्या हल्ल्यांत दोघांचा जीव गेला. जनावर कोणते, हे बिल्ला सांगू शकतो. त्याला कशासाठी नेले जाते आहे, हे तो सांगू शकत नाही. आणि गाडी अडवणारी झुंड काही क्रमांक वाचायला आलेली नसते.

मित्रहो, माझे म्हणणे एवढेच आहे की बिल्ल्याचा भरवसा प्लास्टिकवर अवलंबून नसतो. तो नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून असतो. ती व्यवस्था बिल्ला पडणार हे गृहीत धरते का, आणि पडल्यावर संशय कोणावर घेते, यावरून तिची पारख करावी. आज तो संशय दोन म्हशी असलेल्या माणसावर येतो. म्हणून आपण निदान चार गोष्टींचा आग्रह धरायला हवा. बिल्ला पडला तर ठराविक दिवसांत मोफत नवा मिळावा आणि तोवर कोणताही लाभ थांबू नये. छायाचित्र, शिंगे, रंग, नाकाचा ठसा अशी दुसरी ओळखही ग्राह्य धरली जावी. नोंद राबणाऱ्या बाईच्याही नावावर व्हावी. आणि बिल्ल्याचा अभाव हा गुन्ह्याचा पुरावा कधीही मानला जाऊ नये.

या शुक्रवारी घरी फोन कराल तेव्हा गोठ्याचीही चौकशी करा. प्रत्येक जनावराचा क्रमांक वहीत लिहिलेला आहे का, बिल्ल्यासह समोरून आणि बाजूने फोटो काढलेला आहे का, विकलेल्या गायीचे नाव नोंदीतून उतरले का, एवढे विचारा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि एखाद्या वेळी त्यावर साऱ्या वर्षाची कमाई तरेल.

आता चर्चेला सुरुवात करू या.