आमच्या बाईचं पोहणं

आज आम्ही दोघी बहिणी आमच्या बाईची, म्हणजे थोरल्या बहिणीची, आठवण सांगतो. ती आता नाही.

आपल्या नागभीडकडे गावोगावी मामा तलाव आहेत, मालगुजारांच्या काळातले. धान त्यांच्याच पाण्यावर, मासोळी अन् शिंगाडेही त्यातलेच. बाईचा सारा जीव त्या पाण्यात. रोवणीवरून आली, की चिखल धुवायला म्हणून उतरायची आणि पार पलीकडच्या काठाला जायची. लोक म्हणत, "लग्नाच्या पोरीला शोभते का हे?" बाई म्हणे, "पाण्याला पोरगा-पोरगी कळते का?"

1959 साली आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेल्या. हे करणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्या महिला. बाईला त्यांचं मोठं कौतुक.

तिनं आम्हाला आधी पाठीवर तरंगायला शिकवलं. ती बजावायची, "कुणी बुडत असलं तर उडी घेऊ नका. घाबरलेला माणूस आपल्यालाच मिठी मारतो. काठावर आडवं पडून लुगडं नाहीतर बांबू पुढे करा." पुढे आम्ही हेही शिकलो, की वर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नये, पोट दाबू नये. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्यावा, छाती दाबावी आणि 108 ला फोन लावावा.

आपल्या पोरी धुणं घेऊन रोज तलावावर जातात, पण पोहणं शिकतात ती पोरंच. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्यापैकी किती जणींना पोहता येतं? आणि लेकींना कोण शिकवणार?