माडीवरची फरशी

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत सागवानी तुळया, कड्या आणि फळ्यांवर उभ्या असलेल्या माड्या अजून आहेत. तिथे टाइल्स बसवायच्या म्हटलं की मिस्त्री सांगतो, माल टाकून लेव्हल करू. हिशोब बघा: मालाचा 5 सेंटिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला साधारण 100 किलो. दहा बाय दहाच्या खोलीत जवळजवळ टनभर ओझं, तेही आधीच वाकलेल्या कड्यांवर. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही. मग सांधे फुटतात.

म्हणून लेव्हल खालून साधावी. फळ्या उचलून कडीची टोकं, विशेषतः भिंतीत घुसलेली, स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहा. भुसा पडला तर लाकडाला कीड लागली आहे. वाकलेल्या कडीच्या बाजूला नवी कडी बोल्टनं जोडून तिची वरची कड पाणसळीत आणावी. फळ्या स्क्रूनं आवळाव्यात (खिळे हळूहळू वर येतात), वर सिमेंट बोर्ड, मग लवचिक ॲडेसिव्ह आणि भिंतीलगत थोडी फट. खर्च वाढतो, हे खरं. पण फुटलेल्या टाइल्स उखडताना खालच्या फळ्याही जातात, आणि तसं जुनं सागवान पुन्हा मिळणं अवघड. कडीच कुजलेली असेल, तर टाइल्सचा विचार तूर्त बाजूलाच ठेवावा.