कावीळ आणि अंगाची खाज

अंगाला खाज सुटली की आपण 'पित्त उठलं' म्हणतो आणि आमसुलाचं पाणी चोळतो. गांधी उठल्या असतील तर ते ठीकच. पण अंगावर गांध नाही, पुरळ नाही, आणि तळहात-तळपायांची खाज रात्री डोळा लागू देत नाही, तर दुखणं कातडीचं नसून यकृताचं असू शकतं. पित्ताची आतड्यात उतरायची वाट अडली की ते रक्तात साचतं. लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका होतो. डोळे पिवळे दिसतीलच असं मात्र नाही.

अशा वेळी डाग देणं, नाकात रस पिळणं यात दिवस घालवू नका. रक्त तपासून घ्या. कढत पाण्याची आंघोळ टाळा, गार ओल्या फडक्यानं अंग पुसा, नखं कापा, जुनं मऊ सुती नेसा. खोबरेलानं कातडी मऊ राहते, एवढंच. डॉक्टर कधी कोलेस्टायरामिनची पूड देतात. ती पाण्यात कालवून घ्यावी. इतर औषधं तिच्या १ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनंतर, नाहीतर ती त्यांनाही धरून ठेवते.

आता सासूबाईंसाठी, आणि घरधन्यासाठीही. गरोदर सुनेला शेवटच्या तीन महिन्यांत अशी खाज सुटली तर 'पोट ताणतंय, होतंच' म्हणू नका. रक्तातली पित्ताम्लं फार वाढली तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. उजाडताच तिला दवाखान्यात न्या. बाळाची हालचाल मंदावली असेल, तर उजाडायची वाटही पाहू नका.