धुराचा हिशेब आणि सावकार

भांडवलाला आता धुराचाही हिशेब हवा असतो. कारखाना कार्बन किती सोडतो, उद्या त्यावर कर बसला तर कर्ज फिटेल काय, असे धनको विचारतो. उत्तर चोख असेल तर जोखीम कमी धरली जाते आणि व्याज उतरते. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून असा अहवाल सक्तीचा केला, तो गुंतवणूकदारासाठी. गावकऱ्याच्या खोकल्यासाठी नव्हे.

नागपुरात या हिशेबाची मौज पाहावी. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय येथेच. तिची मालक कोल इंडिया शेअर बाजारात आहे. परंतु खाणीतला धूर आणि विकत घेतलेली वीज एवढेच सक्तीच्या रकान्यात. विकलेला कोळसा गिऱ्हाइकाने जाळला, की तो धूर ऐच्छिक रकान्यात! आणि गिऱ्हाईक महानिर्मिती असेल, तर तिचे समभाग बाजारातच नाहीत. सक्ती तिच्यापर्यंत पोचतच नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला. कार्बनच्या आकड्यात ती राख कोठेच नसते.

बचतही केवढी? जानेवारी २०२३ मध्ये केंद्राचे पहिले हरित रोखे निघाले, तेव्हा व्याज सुमारे ०.०५ ते ०.०६ टक्के कमी पडले : १०० कोटींमागे वर्षाला पाच-सहा लाख. एवढ्यासाठी कोणी बॉयलर विझवणार नाही. म्हणून हा हिशेब कोराडी-खापरखेड्याच्या ग्रामसभांपुढे मराठीत वाचला जावा, आणि खाण बंद झाल्यावर कंत्राटी कामगाराचे काय, हा रकानाही त्यात सक्तीचा असावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.